शेवटची नोंद

माघ सरत आला की भीमेच्या फुगवट्यावर पहाटे शाल लागते आणि दहा वाजता ऊन चटकू लागते. भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून मच्छीमारांची होडी पाण्यात सुटते. समोर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग असते. कडेच्या चिखलात शेकाटे, तुतवार आणि चिखले चोच खुपसत फिरत असतात, आत खोल पाण्यात थापट्या आणि तलवार बदकांचे तांडे असतात. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, पाणी पसरले आणि त्यामागोमाग हे पक्षी इथे स्थिरावले. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईहून इथे माणसांची रीघ लागते. ऊन वाढले की ती आटते, कारण ‘सीझन संपला’ असे सगळे म्हणू लागतात. पक्षी पाहण्याचा वर्षातला सर्वांत बोलका काळ नेमका तेव्हाच सुरू होतो.

माघ ते चैत्र या दोन-अडीच महिन्यांत महाराष्ट्रात दोन गोष्टी एकदम घडतात. पावसाळ्याच्या अखेरीपासून मुक्कामाला असलेले पाहुणे उत्तरेकडे निघतात आणि हिवाळाभर गप्प असलेले घरचे पक्षी गाऊ लागतात, जोड्या जमवतात, घरटी करतात. एकाच पांगाऱ्यावर दोन्ही पाहायला मिळते. एका फांदीवर कझाकस्तानच्या वाटेला लागलेल्या भोरड्या असतात, तर शेजारच्या वाळक्या फांदीत तांबट भोक पाडत असतो.

यातले येणे पाहणे सोपे आहे, जाणे पाहणे अवघड. सप्टेंबरात अंगणात पहिला धोबी शेपटी हलवत उतरला की त्याच क्षणी कळते, यंदाचा पहिला आला. शेवटचा धोबी दिसतो तेव्हा मात्र तो शेवटचा आहे हे कोणालाच कळत नाही. आठ-दहा दिवस तो दिसला नाही की मग आठवण होते, आणि तो नक्की कधी दिसला होता हे वहीत लिहिलेले असेल तरच सापडते. म्हणून वसंतातल्या पक्षीनिरीक्षणाचा पाया दुर्मीळ पक्ष्यांच्या शोधात नाही. रोजच्या, सवयीच्या पक्ष्यांची रोज नोंद करणे, हाच तो पाया.

सावर, पांगारा, पळस

सुरुवात झाडांपासून करावी. जानेवारीच्या उत्तरार्धात काटेसावर पाने गाळून मोकळी होते आणि उघड्या फांद्यांवर तळव्याएवढी, जाड पाकळ्यांची लाल फुले उमलतात. तिच्यामागोमाग पांगारा, मग पळस. होळीच्या सुमारास घाटमाथ्यापासून विदर्भापर्यंत कुठे ना कुठे या तिघांपैकी एक तरी झाड भरात असते.

सकाळी साताच्या सुमारास फुललेल्या सावरीखाली अर्धा तास उभे राहिले, तर दहा-पंधरा जातींचे पक्षी एकाच झाडावर दिसतात. साळुंक्या आणि भांगपाडी मैना फुलात अख्खे डोके घालतात. बुलबुल फुलाच्या कडेवर बसून चोच बुडवतो. कोतवाल एक घोट मधुरसाचा घेतो आणि पुढच्या क्षणी फुलाभोवती घोंगावणारी माशी हवेतल्या हवेत टिपतो. हळद्या येतो, चष्मेवाल्यांची चिवचिवती टोळी येते, पोपट फूलच खुडून देठाकडचा भाग कुरतडतात आणि बाकीचे खाली टाकतात. फुलातून डोके बाहेर काढलेल्या मैनेकडे दुर्बिणीतून पाहावे. तिच्या कपाळावर आणि चोचीच्या मुळाशी परागांची भुकटी चिकटलेली दिसते. पुढच्या झाडावर ती तसेच डोके घालणार आहे. झाडाने मधुरस दिला, त्याचा मोबदला हा.

या देवाणघेवाणीकडे भारतात बारकाईने लक्ष वेधणाऱ्यांत सालिम अली होते. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात १९३२ मध्ये त्यांनी भारतातल्या ‘पक्ष्यांच्या फुलां’वर आणि ‘फुलांच्या पक्ष्यां’वर लेख लिहिला. पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलांची काही लक्षणे सारखी असतात. रंग लाल किंवा शेंदरी असतो. तो पक्ष्यांच्या डोळ्यांत चटकन भरतो, मधमाश्यांना मात्र लाल रंग नीट दिसत नाही. वास जवळजवळ नसतो, कारण बहुतेक पक्षी वासावर विसंबत नाहीत. मधुरस भरपूर असतो. पाकळ्या आणि देठ पक्ष्याचे वजन व चोचीचे घाव सोसतील इतके दणकट असतात. सावर, पांगारा आणि पळस या तिन्ही झाडांना ही लक्षणे लागू पडतात, आणि तिन्ही पानगळीनंतर फुलतात. पाने आड येत नसल्याने आकाशातून जाणाऱ्या थव्यालाही झाड दुरून दिसते.

भोरड्यांचे दिवस

या झाडांवरचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे भोरडी, अर्थात पळसमैना. दख्खनच्या शेतकऱ्याला तिची ओळख पक्षीनिरीक्षकाच्या आधीपासून आहे. रब्बी ज्वारी दाण्यात आली की शेतात माळा उभारायचा, गोफण घेऊन वर बसायचे आणि भोरड्यांचे थवे हाकायचे, हे काम सोलापूर, नगर, मराठवाडा भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. शेकडो, कधी हजारो पक्ष्यांचा थवा एकदम वळतो, आकाशात गोळा होतो, पसरतो आणि शेतावर उतरतो. काही मिनिटांत कणसे विरळ होतात, तेव्हा शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे.

याच भोरड्या मायदेशी पोचल्या की त्यांचे वागणे पालटते. कझाकस्तान आणि आसपासच्या गवताळ प्रदेशात त्या मे-जूनमध्ये दगडांच्या सांदीकपारीत मोठ्या वसाहती करून घरटी करतात आणि पिल्लांना प्रामुख्याने टोळ व नाकतोडे भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम घरटी करायला जागा बांधून देतात. टोळांचा हंगाम थोडा असतो, त्यामुळे भोरड्यांचा विणीचा मुक्कामही थोडा असतो. त्या ऑगस्ट-सप्टेंबरातच आपल्याकडे परततात आणि एप्रिलपर्यंत राहतात. वर्षाचा मोठा भाग भारतात काढणाऱ्या या पक्ष्याला पाहुणा म्हणावे की अर्धा रहिवासी, असा प्रश्न पडतो.

मार्चमध्ये ज्वारी खळ्यावर गेली की भोरड्या फुलांकडे, वड-पिंपळाच्या फळांकडे आणि बोरी-बाभळींकडे वळतात. संध्याकाळी गावाजवळच्या एखाद्या दाट झाडीत किंवा पाणथळीच्या रामबाणात त्या झोपायला जमतात आणि अंधार पडेपर्यंत कलकलाट चालतो. एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी ती झाडी शांत असते.

नवी पिसे, झिजलेली पिसे

निघण्याआधी पक्ष्यांचा वेश बदलतो. हा बदल डिसेंबरात येऊन गेलेल्या माणसाला दिसत नाही, आणि तो दोन अगदी वेगळ्या रीतींनी होतो.

पहिली रीत म्हणजे जुनी पिसे झडून नवी येणे. हे पाहायला कुरव उत्तम. तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचा असतो, कानाजवळ फक्त एक गडद ठिपका. फेब्रुवारीत त्या ठिपक्याभोवती डाग पडू लागतात. सलग काही रविवार एकाच धक्क्यावर उभे राहून पाहिले, तर डाग वाढत, एकमेकांना मिळत डोक्यावर टोपडे तयार होताना दिसते. एकाच थव्यात कोणाचे डोके पूर्ण रंगलेले, कोणाचे अर्धे, तर पहिल्या वर्षाच्या पिल्लांचे अजून पांढरेच असते. पिवळ्या धोब्याचेही तसेच. डिसेंबरात मळकट हिरवट दिसणारा नर मार्चअखेरीस पोटाखाली हळदीसारखा पिवळा होतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या काही चिखल्यांच्या राखाडी छातीवर एप्रिलमध्ये विटकरी पट्टा उमटतो.

दुसऱ्या रीतीत एकही नवे पीस येत नाही. भोरडीची शरद ऋतूत आलेली पिसे टोकांना फिकट तपकिरी असतात. त्या कडांखाली गुलाबी आणि चकचकीत काळा रंग झाकलेला असतो. हिवाळाभरात काटेरी झाडांत घासून, वाऱ्याने, उन्हाने कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. गप्पीदासाचे डोके असेच काळे होत जाते, कृष्ण थिरथिऱ्याची छाती अशीच गडद होते. याचे सर्वांत घरगुती उदाहरण खिडकीत बसलेले असते. चिमणा हिवाळ्याच्या सुरुवातीला पाहिला तर गळ्यावरचा काळा डाग लहान आणि धूसर असतो. पिसांच्या फिकट कडा झिजत जातात तसा तो डाग मोठा व ठसठशीत होतो. ज्या सुमारास त्याला चिमणीपुढे मिरवायचे असते, त्याच सुमारास तो पूर्ण उघडतो.

घरच्या पक्ष्यांत जांभळ्या शिंजीराचा नर दोन्ही ऋतूंमधला दुवा दाखवतो. विणीनंतर तो मादीसारखा पिवळट होतो, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद रेघ उरते. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या अंगावर जांभळी-काळी ठिगळे उठू लागतात. एका खांद्यावर चकाकी, दुसरा अजून मळकट, पाठीवर चार-दोन निळी पिसे. अशा ठिगळ्या नराला नवशिके निरीक्षक वेगळीच जात समजतात. पळस भरात येतो तोवर तो पूर्ण काळा-जांभळा झालेला असतो आणि झाडाच्या शेंड्यावरून इतर नरांना हुसकावत असतो.

दिवस मोजणारा मेंदू

निघायची वेळ झाली हे पक्ष्याला कळते कसे? ऊन वाढते, पाणी आटते, अन्न कमी होते, म्हणून तो जातो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थंडी लांबलेल्या वर्षीही आणि पाणी भरपूर असलेल्या वर्षीही पक्षी साधारण त्याच सुमारास निघतात.

या कोड्याचा पहिला मोठा धागा कॅनडात सापडला. एडमंटन इथल्या अल्बर्टा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी जुंको नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढतात तशी वाढू लागली. थंडी-उष्णतेपेक्षा दिवसाची लांबी हा इशारा आहे, हे त्यांनी १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले, की हा उजेड पक्ष्याला डोळ्यांवाचूनही कळतो. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूच्या खोल भागातल्या पेशी टिपतात.

एडमंटनला हिवाळा-उन्हाळ्यातल्या दिवसांत मोठा फरक असतो. आपल्याकडे तो फार नाही. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दिवस जेमतेम तासाभराने वाढतो. विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांना तर एवढाही फरक मिळत नाही. मग त्यांचे काय? जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांच्या जातीतले छोटे स्थलांतरी पक्षी कायम १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा खोलीत ठेवले. बाहेरून ऋतूची कसलीही खूण मिळत नसताना त्या पक्ष्यांनी पिसे बदलायच्या वेळी बदलली आणि स्थलांतराच्या सुमारास रात्री पिंजऱ्यात अस्वस्थपणे फडफड केली. म्हणजे वर्षाचे एक घड्याळ त्यांच्या शरीरातच चालू असते. ते तंतोतंत १२ महिन्यांचे नसते, थोडे मागेपुढे होते. दिवसाची वाढती लांबी ते घड्याळ दर वर्षी जुळवून देते.

घड्याळाने इशारा दिला की भूक वाढते. दहा-बारा ग्रॅम वजनाचा वटवट्या दिवसभर किडे टिपत राहतो आणि चरबी साठवतो. चरबीतून तितक्याच वजनाच्या पिष्टापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते आणि ती जळताना शरीराला पाणीही मिळते, म्हणून लांबच्या प्रवासाला हेच इंधन योग्य. असे बहुतेक छोटे पक्षी रात्री उडतात. हवा थंड असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि ताऱ्यांचा व पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेऊन दिशा ठरवता येते.

बागेतल्या लिंबाच्या किंवा बोगनवेलीच्या जाळीतून हिवाळाभर ‘चक्… चक्…’ असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज येतो. तो ब्लिथच्या वटवट्याचा. पक्षी तपकिरी, दिसायला साधा आणि सहसा जाळीबाहेर न येणारा. त्याची वीण फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या पट्ट्यात होते. मार्चच्या अखेरीस त्याच जाळीत कान देऊन थांबले, तर ‘चक्’च्या मधे मधे दबक्या आवाजातली एक गुंतागुंतीची तान ऐकू येते. इतर पक्ष्यांचे आवाज उचलून तो त्यात गुंफत असतो. दूर उत्तरेत मादीला ऐकवायचे गाणे इथे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या कुंपणात सुरू झालेले असते. हे गाणे ऐकू आले की समजावे, निघायला फार दिवस उरलेले नाहीत.

हिमालय ओलांडताना

भिगवणला, जायकवाडीला आणि नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात पट्टकदंब येतात. राखी अंग, पांढरे डोके आणि त्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस दिवसा काठावर विसावतो आणि बऱ्याचदा रात्री हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरतो. नांदूर मधमेश्वर हे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचे पाणी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. मार्चमध्ये पट्टकदंब तिबेट, मंगोलिया आणि लडाखच्या उंच सरोवरांकडे निघतात, आणि वाटेत हिमालय असतो.

हा हंस एव्हरेस्टवरून उडतो अशी कथा गिर्यारोहकांच्या आठवणींतून पसरली. पाठीवर उपग्रहयंत्रे लावून अभ्यास झाला तेव्हा खरे चित्र अधिक रंजक निघाले. नोंदवलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर होती, पण बहुतेक प्रवास त्याहून बराच खालून झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की हे पक्षी एकदा उंची गाठून सरळ रेषेत जात नाहीत. ते डोंगराच्या उताराला धरून चढतात आणि पुन्हा दरीत उतरतात. पुन्हा पुन्हा चढणे महाग वाटते, पण विरळ हवेत सतत उंचावर पंख मारत राहणे त्याहून महाग पडते. दाट हवेत पंखाला आधार मिळतो आणि श्वासाला प्राणवायू. रात्री आणि पहाटे हवा थंड म्हणून जास्त दाट असते, तेव्हा ते चढाई करतात. त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू घट्ट पकडून ठेवणारा बदलही आहे. इंदापूर-करमाळ्याच्या शिवारात हरभरा खाऊन साठवलेली ताकद त्या चढाईत खर्ची पडते.

म्हणून निघण्याआधीचा महिना हा सर्वांत नाजूक. होडी थव्यात घुसवून रोहित उडवले की फोटो मिळतो, पण पक्ष्याचे खाणे थांबते आणि साठवलेली चरबी उगाच जळते. किनाऱ्यावर कुरवांना फरसाण भिरकावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. त्यांना मासे आणि किडे लागतात, तळलेले पीठ नाही. माळरानांची अवस्था तर अधिक बिकट आहे. रशिया-कझाकस्तानहून येणारे भोवते बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास आणि सासवडच्या माळांवर नाकतोडे, उंदीर टिपत फिरतात आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळके गवत पेटवले जाते. माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात. भोवत्याला झाड नको असते, त्याला गवत हवे असते.

घरच्यांची लगबग

पाहुणे निघत असताना घरचे पक्षी जागे होतात. फाल्गुनात कोकीळ ओरडू लागला की लोक म्हणतात, कोकीळ आला. तो हिवाळाभर इथेच असतो, फक्त गप्प असतो आणि वडा-पिंपळाची फळे खात पानांत दडलेला असतो. ओरडणारा काळाभोर पक्षी नर, मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. त्याचे वेळापत्रक कावळ्याच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. कावळ्याची वीण एप्रिलपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रंगते. नर कावळ्यांना डिवचून पाठलागावर नेतो, मादी तेवढ्यात घरट्यात अंडे घालते. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याआधी दोन-तीन दिवस उबते, त्यामुळे भरवून घेण्यात तिच्या पिल्लाला आघाडी मिळते. कावळ्याने काड्या, तारा गोळा करायला सुरुवात कधी केली हे लिहिणाऱ्याला कोकिळेच्या वसंताची अर्धी गोष्ट कळते.

तांबट जानेवारीपासूनच ‘टुक्… टुक्…’ सुरू करतो. दुर्बिणीतून पाहिले तर चोच मिटलेली दिसते आणि प्रत्येक टुकीबरोबर गळ्याची कातडी फुगते. तो पांगारा, शेवगा किंवा तशाच मऊ लाकडाच्या मेलेल्या फांदीत, सहसा खालच्या बाजूने भोक पाडतो. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून ही सोय. सोसायटीच्या आवारातली वाळकी फांदी धोक्याची नसेल तर मे महिन्यापर्यंत तिला हात लावू नये.

मार्चमध्ये राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांच्या गराने तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी उरते. नर रोज वडा-पिंपळाची फळे घशातून आणून तिला एकेक भरवतो. आत तिच्या पंखांची पिसे झडून नवी उगवतात, त्या काळात तिला उडता येत नाही. बाहेर एका नराचा जीव गेला तर आत सगळे कुटुंब अडचणीत येते, म्हणून अशा झाडाखाली फोटोसाठी तासन्‌तास ठाण मांडणे टाळावे. विणीच्या दिवसांत मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे हेही तितकेच घातक. घरटे आणि पिल्ले सोडून तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो.

टिटवी चैत्राच्या उन्हात उघड्या माळावर चार अंडी घालते. ती उबवण्याइतकेच थंड ठेवणेही तिला सांभाळावे लागते. पाण्यात पोट भिजवून येऊन ती अंड्यांवर बसते. इतक्या उन्हात अंडी घालायची ती पावसाआधी, कारण जमिनीवरचे घरटे पावसात टिकणार नाही. उलट सुगरण पावसाळ्याची वाट पाहते, कारण घरटे विणायला हिरवे गवत आणि पिल्लांना किडे तेव्हाच मिळतात. शिंजीर फुलांच्या दिवसांत घरटे करतो, धनेश फळांच्या. आपल्या मुलखात साऱ्या पक्ष्यांची मिळून एकच वीण नाही. प्रत्येकाची वेळ त्याच्या पिल्लांच्या अन्नाने ठरते. एप्रिलमध्ये पावशाचे ओरडणे वाढते आणि शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येते, तोवर बहुतेक पाहुणे हिमालयापलीकडे पोचलेले असतात.

वही

पक्षी येण्या-जाण्याच्या तारखा कशाला लिहायच्या? नेदरलँड्समध्ये याचे उत्तर मिळाले. तिथला एक छोटा माशीमार हिवाळा आफ्रिकेत काढतो आणि दिवसाच्या लांबीवर भरवसा ठेवून परततो. वसंत लवकर उबदार होऊ लागला तशा त्याच्या पिल्लांना लागणाऱ्या अळ्या आधी येऊन आधी संपू लागल्या. पक्षी मात्र जवळजवळ जुन्याच वेळी येत राहिला. ज्या जंगलांत अळ्यांचा हंगाम सर्वांत लवकर सरकला, तिथे दोन दशकांत त्याची संख्या सुमारे ९० टक्के घटली, असे २००६ मध्ये ‘नेचर’मधल्या लेखाने दाखवले. हे कळू शकले ते तिथे अनेक वर्षांच्या नोंदी होत्या म्हणून.

आपल्याकडेही असे काम सुरू आहे. स्थलांतरी पक्ष्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या दर्शनाच्या तारखा सामान्य लोकांकडून गोळा करण्यासाठी २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम निघाला. २०१३ पासून दर फेब्रुवारीत चार दिवसांच्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भारतातले निरीक्षक भाग घेतात. आता ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर कोणीही आपली यादी देऊ शकतो. तरी या नोंदींचा भार मोठ्या शहरांवर आणि प्रसिद्ध पाणवठ्यांवर आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शेतातली भोरडी, गुहागरच्या सड्यावरचा धोबी, यवतमाळच्या पळसाखालचा गप्पीदास यांच्याबद्दल जगाला फार थोडे माहीत आहे.

करायचे काम साधे आहे. रोज जिथून जाता अशी एक जागा निवडा: गच्ची, तळ्याचा बांध, शाळेची वाट. रोज शक्य तर त्याच वेळी पंधरा मिनिटे थांबा. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याचे नाव लिहा, अगदी कावळा-साळुंकीसह. ‘नेहमीचे पक्षी’ असा शेरा मारून पुढे जाऊ नका, कारण नेहमीचे कोण होते हेच पुढे शोधावे लागते. जो दिसला नाही त्याची जागा मोकळी सोडा, दिसला नाही हीसुद्धा नोंद आहे. आवाजावरून ओळखला तर तसे लिहा. कोणते झाड कधी फुलले, तेही शेजारी टिपा. फेब्रुवारीत सुरुवात करा आणि भोरड्या गेल्या म्हणून थांबू नका, एप्रिलच्या अखेरपर्यंत चालू ठेवा. तेव्हाच ‘शेवटचा’ कोणता ते ठरते.

यंदाच्या एप्रिलअखेरीस तुमच्या वहीत धोबी, वटवट्या, गप्पीदास आणि भोरडी या चौघांपुढे एकेक तारीख असेल, तर तुमच्या गावातून त्यांनी कधी निरोप घेतला हे सांगू शकणारे बहुधा तुम्ही एकटेच असाल. पुढच्या वर्षी त्याच चौघांपुढे दुसरी तारीख लिहिलीत की त्या दोहोंची तुलना सुरू होईल, आणि दहा वर्षांनी तुमचा वसंत पुढे सरकला की मागे, हे अंदाजाने सांगायची गरज उरणार नाही.